सँडविचची गाडी सुरू करताय? व्हॅन सगळ्यात शेवटी घ्या

फिरत्या गाडीवर सँडविच विकायचं मनात आलं की पहिली शोधाशोध होते ती व्हॅनची. जुनी व्हॅन कुठे मिळेल, खिडकी केवढी कापायची, रंग कुठला द्यायचा, नाव काय ठेवायचं, यातच पहिले काही आठवडे मजेत जातात. मग गाडी दारात येऊन उभी राहते आणि लक्षात येतं की ठरवलेली ग्रिल तिच्यात बसत नाही, बसली तर तिला पुरेल एवढी वीज नाही, आणि जिथे उभं राहायचं तिथे खिडकी रस्त्याच्या बाजूला उघडते. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी पदार्थ, मग हिशेब, मग जागा आणि परवानग्या, आणि त्यानंतर गाडी. या धंद्यात सगळ्यात मोठा एकरकमी खर्च गाडीचा असतो आणि एकदा कापलेली, वेल्डिंग केलेली गाडी बदलता येत नाही. बाकी सगळं बदलता येतं.

पहिली पायरी: काय विकायचं आणि तासाला किती

सुरुवातीला पाच किंवा सहा सँडविच पुरेत. वीस प्रकारांचा फलक भारदस्त दिसतो, पण प्रत्येक नव्या प्रकाराबरोबर फ्रिजमध्ये एक डबा वाढतो, एक वस्तू खराब होण्याची शक्यता वाढते आणि फलकासमोर उभ्या गिऱ्हाइकाचा विचार करण्याचा वेळही वाढतो. यादी करताना एक कसोटी लावा: एकाच सँडविचमध्ये लागणारी कुठलीही वस्तू ठेवायची नाही. चीज, उकडलेलं अंडं, शिजवलेलं चिकन, काकडी, टोमॅटो, पालेभाजी, दोन प्रकारचे सॉस एवढ्या सामानाच्या वेगवेगळ्या जोड्यांतून सहा पदार्थ सहज उभे राहतात आणि दिवसअखेर काहीही एकटं पडून राहत नाही.

यानंतरचा निर्णय पुढच्या सगळ्या खर्चाची दिशा ठरवतो: थंड सँडविच की ग्रिल केलेलं? थंड सँडविचला फ्रिज, पाणी, स्वच्छ ओटा आणि धारदार सुरी एवढंच लागतं. ग्रिल आली की गॅस किंवा भरपूर वीज आली, धूर बाहेर काढण्याची सोय आली, आगीचा धोका आला, आणि हळूपणाही आला. हा हळूपणा नवखे लोक मोजत नाहीत. समजा ग्रिलवर एका वेळी दोन सँडविच मावतात आणि भाजायला चार मिनिटं लागतात. म्हणजे तासाला जास्तीत जास्त ३०. पण जेवणाची खरी गर्दी पाऊण तासाचीच असते, तेव्हा हाती येतात जेमतेम २२. रांगेत पन्नास माणसं असली तरी २२च. उलट सराव झालेला माणूस दीड मिनिटात एक थंड सँडविच बांधून देतो, म्हणजे त्याच पाऊण तासात ३०, आणि दुसरा माणूस मदतीला असेल तर त्याहून बरेच जास्त. गरम सँडविचला मागणी जास्त असते हे खरंच आहे. तुम्हाला गरमच विकायचं असेल तर जरूर विका, पण मग सहा मावतील अशी ग्रिल धरून हिशेब करा आणि तिची वीज किंवा गॅस आत्ताच कागदावर मांडा.

कागदावर मांडून झालं की घरी तालीम करा. ज्या मापाची गाडी डोक्यात आहे तिची आतली लांबी-रुंदी फरशीवर चिकटपट्टीने आखा. त्या चौकटीत टेबल ठेवा, फ्रिजच्या जागी खोका ठेवा, आणि चौकटीबाहेर पाय न टाकता ओळीने वीस सँडविच करा, घड्याळ लावून. मित्रमंडळींना खिडकीसमोर उभं करा आणि त्यांना आपापल्या मनाने मागणी देऊ द्या: एकाला टोमॅटो नको, दुसऱ्याला चीज जास्त हवं. कुठे हात अडकतो, कुठे दोघांची टक्कर होते, कुठली वस्तू घ्यायला दर वेळी वळावं लागतं, हे एका संध्याकाळीच कळतं. गाडीच्या आतली मांडणी याच तालमीतून ठरते: फ्रिजकडून ब्रेडकडे, ब्रेडकडून सारणाकडे, मग ग्रिल, मग गुंडाळणं आणि शेवटी खिडकी. सामान एकाच दिशेने पुढे सरकत राहिलं पाहिजे.

सँडविच गाडीवर टिकलं पाहिजे

घरी केलेलं सँडविच लगेच तोंडात जातं. गाडीवरचं सँडविच माणूस हातात घेऊन चालत जातो, कधी पंधरा मिनिटांनी खातो. तेवढ्यात ते ओलं, मऊ, गळकं झालं तर तो माणूस पुन्हा येत नाही. ब्रेड ओला होतो तो टोमॅटो-काकडीच्या पाण्याने आणि सॉसने. म्हणून ब्रेडच्या आतल्या दोन्ही बाजूंना अगदी कडेपर्यंत लोण्याचा पातळ थर द्या. स्निग्ध पदार्थातून पाणी सहज झिरपत नाही. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून टाका, चकत्या जाळीवर निथळू द्या, आणि त्या ब्रेडला न लावता चीज आणि पाल्याच्या मध्ये ठेवा. काकडीला मीठ आधी लावून ठेवू नका, पाणी सुटतं. पालेभाजी धुतल्यावर पूर्ण कोरडी करा.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय मोडा. फ्रिजच्या तापमानाला ब्रेडमधल्या स्टार्चची पुन्हा स्फटिकासारखी रचना होऊ लागते आणि तो बाहेर ठेवलेल्या ब्रेडपेक्षा लवकर शिळा, कडक लागतो. त्या दिवशीचा ब्रेड बंद डब्यात साध्या तापमानाला ठेवावा, आणि उरलेला ठेवायचाच असेल तर थेट फ्रीझरमध्ये टाकावा. गोठवल्यावर ही क्रिया जवळजवळ थांबते. गरम सँडविच ग्रिलवरून काढल्या काढल्या कागदात गुंडाळलं तर आतल्या वाफेने कुरकुरीतपणा जातो. अर्धा-एक मिनिट जाळीवर ठेवून मग हवा खेळेल अशा कागदात बांधा. सुरी दातेरी आणि धारदार हवी. बोथट सुरीने ब्रेड दबतो, सारण बाहेर येतं आणि बोटही कापतं.

दुसरी पायरी: तराजू आणि कागद

किंमत शेजारच्या गाडीवरचा फलक बघून ठरवू नका. तराजू घ्या. प्रत्येक सँडविचमधली प्रत्येक वस्तू ग्रॅममध्ये मोजा आणि तिचा खर्च लिहा: ब्रेड, लोणी, सारण, सॉस, कागद, टिश्यू, पिशवी. साफ करताना जी साल, देठ, कडा जातात त्यांचाही खर्च त्यात धरा. खाद्यपदार्थांच्या धंद्यात सामानाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण २५ ते ३५ टक्के असावा असं धरतात. ३० टक्के धरले तर सूत्र सोपं आहे: सामानाच्या खर्चाला ०.३० ने भागा, येईल ती किंमत.

एक उदाहरण घेऊ, चलन कुठलंही धरा. सँडविच १०० ला विकलं, सामान ३० चं. उरले ७०. हा ७० म्हणजे नफा नव्हे. यातून इंधन, जागेचं भाडं, विमा, परवाना शुल्क, गॅस, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता, मदतनिसाचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगार जायचा आहे. शेवटची बाब बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि मग वर्षभर राबूनही हाती काही का राहत नाही याचं कोडं पडतं. हे सगळे खर्च दिवसाला २,१०० येत असतील तर २,१०० भागिले ७०, म्हणजे रोजची पहिली ३० सँडविच फक्त खर्च भागवतात. कमाई सुरू होते एकतिसाव्यापासून. आता हाच आकडा पहिल्या पायरीतल्या वेगाशेजारी ठेवा. गर्दीच्या वेळात तुमच्याकडून २२च होत असतील आणि भागायला ३० लागत असतील, तर गाडी घेण्याआधीच तुम्हाला उत्तर मिळालं: ग्रिल मोठी करा, खर्च कमी करा किंवा दिवसात दोन ठिकाणी उभे राहा.

किंमत कमी करून गिऱ्हाईक ओढण्याचा मोहही याच कागदावर तपासा. १०० चे ९० केले तर ७० चे ६० उरतात आणि तोच खर्च भागवायला ३० ऐवजी ३५ विकावी लागतात. हाताचा सैलपणाही तसाच महाग. प्रत्येक सँडविचमध्ये १० ग्रॅम चीज जास्त पडलं आणि दिवसाला १०० सँडविच गेली तर रोज एक किलो चीज हिशेबाबाहेर गेलं. म्हणून सारण भरायला ठरावीक मापाचा चमचा ठेवा आणि चीजच्या चकत्या आधीच मोजून ठेवा. यात कंजूषपणा नाही. गिऱ्हाइकाला दर वेळी तेच सँडविच मिळतं आणि त्याच भरवशावर तो परत येतो.

सुरुवातीचं भांडवल मोजताना गाडी आणि सामानाव्यतिरिक्त किमान तीन महिन्यांचे ठरलेले खर्च बाजूला ठेवा. दुकानाचं छप्पर गळलं तरी दुकान उघडतं. गाडीचं इंजिन बसलं की विक्री त्या क्षणी थांबते आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

तिसरी पायरी: जागा

वर्दळीची जागा म्हणजे चांगली जागा, हा समज सोडून द्या. घाईघाईने स्थानकाकडे पळणारी हजार माणसं तुमच्या उपयोगाची नाहीत. ज्यांना भूक लागली आहे, ज्यांच्याकडे वीस-तीस मिनिटांची सुट्टी आहे आणि जवळ दुसरी सोय नाही अशी शंभर माणसं पाहिजेत. कारखाने, कार्यालयं, महाविद्यालयं, रुग्णालयं, मोठी बांधकामं, सुट्टीच्या दिवशी खेळाची मैदानं ही अशी ठिकाणं. मनात असलेल्या जागेवर वेगवेगळ्या वारी, ज्या वेळी विकायचं त्याच वेळी जाऊन बसा आणि मोजा. मोजायचं ते येणारे-जाणारे नाही, तर हातात खाण्याची पिशवी घेऊन जाणारे. पावसाच्या दिवशीही एकदा जा. ही माणसं आत्ता कुठे खातात तेही बघून ठेवा.

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहण्याचे नियम सगळीकडे कडक असतात आणि परवान्यांची संख्या बहुधा मर्यादित असते. खासगी जागेच्या मालकाशी बोलणं त्या मानाने सोपं: कारखान्याचं आवार, वाहनतळ, गोदाम. मालकाची परवानगी लेखी घ्या. वेळ, भाडं, कचऱ्याची जबाबदारी आणि वीज-पाणी मिळणार का, हे सगळं त्यात लिहिलेलं असू द्या. खासगी जागा असली तरी स्थानिक प्रशासनाची परवानगी वेगळी लागू शकते, तेही विचारून घ्या.

जत्रा, मेळावे, क्रीडास्पर्धा यांतून एका दिवसात मोठी विक्री होते, पण नवख्या माणसाने सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जागेचं शुल्क आधी भरावं लागतं, पाऊस आला तर ते बुडतं, आणि हात बसलेला नसताना अशी गर्दी झेपत नाही. पुढे कधी गेलात तर आयोजकांना तीन गोष्टी विचारा: मागच्या वेळी प्रत्यक्ष किती लोक आले, खाण्याच्या किती गाड्या असतील, आणि त्यांत सँडविचच्या किती.

जागा ठरली की गाडीबद्दलच्या दोन गोष्टी आपोआप ठरतात. खिडकी फुटपाथच्या बाजूला उघडली पाहिजे, म्हणजे वाहनं डाव्या बाजूने चालतात तिथे गाडीच्या डाव्या अंगाला आणि उजव्या बाजूने चालतात तिथे उजव्या. दुसऱ्या देशातून आलेली तयार व्हॅन स्वस्तात मिळाली तर हे आधी बघा. आणि दुपारचं ऊन कुठून येतं ते पाहून फ्रिज सावलीच्या बाजूला बसवा. उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकलेला फ्रिज दिवसभर झगडत राहतो.

चौथी पायरी: परवानगी

नियम देशागणिक आणि शहरागणिक बदलतात, पण प्रश्न सगळीकडे तेच असतात: धंद्याची नोंदणी, खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना, रस्त्यावर विक्रीची परवानगी, वाहनात केलेल्या बदलाची नोंद, गॅसजोडणीची तपासणी, कर आणि विमा. अन्नसुरक्षा विभागाच्या निरीक्षकांना गाडी कापण्याआधी भेटा. हातातल्या कागदावर आतल्या मांडणीचा साधा आराखडा असू द्या: हात धुण्याचं भांडं इथे, फ्रिज इथे, टाक्या इथे. त्यांनी कागदावर सुचवलेला बदल फुकट असतो, तोच बदल तयार गाडीत महाग पडतो. आणखी एक विचाराच: चिरणं, शिजवणं ही तयारी घरच्या स्वयंपाकघरात चालते का? अनेक ठिकाणी चालत नाही, नोंदणीकृत स्वयंपाकघर भाड्याने घ्यावं लागतं, आणि तो खर्च दुसऱ्या पायरीतल्या कागदावर चढतो.

विम्याकडे दुर्लक्ष करू नका. खासगी वापरासाठी काढलेला वाहनाचा विमा व्यवसायासाठी सहसा लागू होत नाही. शिवाय गिऱ्हाइकाला इजा झाली किंवा खाण्याने त्रास झाला तर त्यासाठीचं विमासंरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

पाचवी पायरी: आता गाडी

आता तुमच्याकडे यादी आहे: कुठली उपकरणं, किती माणसं, किती वेग, खिडकी कुठल्या बाजूला. ही यादी घेऊन गाडी बघायला जा. पहिला प्रश्न इंजिनाचा आणि गंजाचा. अनुभवी मिस्त्रीला बरोबर न्या, गाडी खालून बघायला सांगा. दुसरा प्रश्न वजनाचा. प्रत्येक वाहनावर कमाल एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याचं वजन उरतं. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे ६० लिटरची टाकी ६० किलोची. स्टीलच्या भरलेल्या सिलिंडरचं वजन आतल्या गॅसच्या जवळजवळ दुप्पट भरतं. त्यात फ्रिज, ओटे, जनरेटर, सामान आणि दोन माणसं मिळवा. तयार गाडी पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर न्याच. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वाटून ठेवा, नाहीतर वळणावर गाडी कलते आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं.

आत ताठ उभं राहता आलं पाहिजे. दिवसातले सहा तास वाकून काम करणं कुणाच्याही पाठीला झेपत नाही. ओटा स्टेनलेस स्टीलचा, भिंती गुळगुळीत आणि फिक्या रंगाच्या, जमीन न घसरणारी आणि कोपरे धुता येतील असे. हात धुण्याचं भांडं फक्त हात धुण्यासाठी. त्यात भाजी धुवायची नाही, भांडीही नाही. भांड्यांसाठी वेगळं. दोन टाक्या लागतात, स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची, आणि सांडपाण्याची नेहमी मोठी. अमेरिकेच्या आदर्श अन्नसंहितेत ती किमान १५ टक्के मोठी असावी असं म्हटलं आहे. सांडपाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ओतायचं नाही, नेमून दिलेल्या ठिकाणीच न्यायचं.

विजेचा हिशेब गाडी सजवणाऱ्यावर सोडू नका, स्वतः करा. सँडविचची मोठी विजेची ग्रिल २,००० वॉटच्या आसपास असते. २३० व्होल्टच्या जोडणीवर ती सुमारे ९ अँपिअर घेते, ठीक आहे. पण १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चालवायची म्हटलं तर तिला जवळपास १६७ अँपिअर लागतात. १०० अँपिअर-तासाच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मी वीज वापरायची असं धरलं तर हाती ६०० वॉट-तास येतात, म्हणजे कागदावर १८ मिनिटं आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. लहान गाडीत बॅटरी दिवे, पंखा आणि छोटा फ्रिज सांभाळते, ग्रिल नाही. ग्रिलसाठी बाहेरची वीजजोडणी, जनरेटर किंवा गॅस यांपैकी एक निवडावं लागतं.

गॅस निवडलात तर इथे एक रुपयाचीही काटकसर करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर निघून जात नाही, जमिनीलगत साठतो आणि ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि आतल्या जागेपासून पूर्ण बंद अशा वेगळ्या कप्प्यात हवा. त्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी छिद्रं असावीत. गाडी चालवताना सिलिंडरची चावी बंद. नळीवरची तारीख बघा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते नियमित तपासा, जोडणी मात्र अधिकृत कारागिराकडूनच करून घ्या. जनरेटर कधीही आत किंवा खिडकीजवळ चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि त्याने माणूस मरतो. या वायूची सूचना देणारा अलार्म आत बसवा. कोरड्या भुकटीचा अग्निशामक आणि आग विझवण्याचं ब्लँकेट दाराजवळ, हात पोचेल असं टांगा. तळणीची कढई मात्र सुरुवातीला ठेवूच नका. उकळतं तेल आणि हलती गाडी यांचं जमत नाही, त्यासाठी अग्निशामकही वेगळा लागतो, आणि सँडविचला तिची गरज नाही.

एवढी रक्कम गुंतवण्याआधी एखादा महिना घडीच्या टेबलावर किंवा भाड्याच्या गाडीत धंदा करून बघता आला तर अवश्य बघा.

सहावी पायरी: लोकांच्या पोटाची जबाबदारी

चुकीला सगळ्यात मोठी शिक्षा इथे आहे, आणि ती आधी तुम्हाला होत नाही, तुमच्या भरवशावर खाणाऱ्याला होते. म्हणून हा भाग पाठ असू द्या.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे चार तासांत चार हजारांवर. थंड वस्तू ५ अंशांच्या खाली, गरम वस्तू ६० च्या वर ठेवा. अंडं, चिकन, मेयोनीजचं सारण, कापलेला टोमॅटो या पट्ट्यात सगळा वेळ मिळून दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, कडक उन्हात एका तासापेक्षा जास्त नाही. ओट्यावर छोटे डबे ठेवा आणि ते फ्रिजमधून पुन्हा पुन्हा बदला. जुन्या डब्यात नवं सारण ओतू नका. डबा बदलायचा तो पूर्ण.

टोचण्याचा थर्मामीटर विकत घ्या. फ्रिजच्या दारावरचा आकडा आतल्या सारणाचं तापमान सांगत नाही. चिकन शिजवताना आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलंच पाहिजे. मग ते खोल पातेल्यात न ठेवता उथळ ताटांत पसरून पटकन थंड करा: दोन तासांत २१ अंशांपर्यंत, पुढच्या चार तासांत ५ पर्यंत. हातांवरून किंवा नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू एकदा विष तयार करून बसला की ते अन्न पुन्हा गरम करूनही सुरक्षित होत नाही. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो. म्हणून तयारीच्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहायची आणि मुदत संपली की फेकायचं, वास चांगला आला तरी.

कच्च्या अंड्याचं मेयोनीज गाडीवर करू नका, पाश्चराइज्ड अंड्याचं तयार घ्या. कच्चं मांस गाडीवर आणूच नका. ते नोंदणीकृत स्वयंपाकघरातच शिजवून यावं, म्हणजे गाडीतला मोठा धोका दारातच संपतो. शाकाहारी आणि मांसाहारी सामानाला फळी, सुरी, चिमटे वेगळे आणि रंगाने ओळखू येतील असे ठेवा.

पैसे घेणारा हात सँडविचला लागता कामा नये. दोघं असाल तर एक पैशांना, एक पदार्थाला. एकटेच असाल तर दर वेळी हात धुवा. साबण लावून २० सेकंद चोळा आणि कागदाने पुसा. हातमोजा घातला म्हणजे हात स्वच्छ झाला असं नाही. त्याच मोज्याने नोट घेतली तर मोजाही तितकाच अस्वच्छ. उलटी-जुलाब होत असलेल्या माणसाने, मालक असला तरी, त्या दिवशी गाडीत चढायचं नाही. ओटा पुसताना आधी साबणाने मळ काढा, मग जंतुनाशक लावा आणि त्याच्या बाटलीवर लिहिलेला वेळ त्याला द्या. मळावर टाकलेलं जंतुनाशक नीट काम करत नाही. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही साफसफाईच्या द्रवात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आणि ॲलर्जी. साध्या सँडविचमध्येसुद्धा गहू, दूध, अंडं, मोहरी, सोया, बनवर लावलेले तीळ एवढं सगळं असतं. युरोपीय संघाच्या नियमांत अशा १४ गोष्टी स्पष्ट सांगण्याची सक्ती आहे. कुठल्या सँडविचमध्ये काय आहे याचा तक्ता करा, तयार सॉसच्या बाटल्यांवरचा मजकूरही वाचा, आणि तक्ता खिडकीत लावा. सॉसचा ब्रँड बदलला तर तक्ताही तपासा. कुणी विचारलं की यात शेंगदाणा आजिबात नाही ना, आणि तुमच्या ओट्यावर शेंगदाण्याचं लोणी असेल, तर खरं ते सांगा: खात्री देता येत नाही. एक विक्री गेली तरी चालेल.

सातवी पायरी: पहिला दिवस आणि पहिला महिना

उद्घाटनाचा गाजावाजा करू नका. अंदाजाच्या निम्मं सामान घेऊन, मधल्या वारी, ठरवलेल्या जागी उभे राहा. फलकावरची नावं आणि किमती तीन मीटरवरून वाचता आल्या पाहिजेत. सुट्टे पैसे पुरेसे ठेवा, आणि मोबाइलवरून पैसे घेत असाल तर नेटवर्क गेल्यावर काय करायचं ते आधी ठरवा. रांगेत पैसे आधी, मग क्रमांक, मग पदार्थ, ही पद्धत पहिल्या दिवसापासून लावा. उधारी पहिल्याच दिवशी नाकारणं सोपं जातं.

संध्याकाळी गाडी धुऊन झाली की वहीत सात गोष्टी लिहा: वार, जागा, हवामान, प्रत्येक सँडविच किती गेलं, काय फेकलं, काय आणि किती वाजता संपलं, फ्रिजचं तापमान. या वहीतूनच उद्याचा ब्रेड ठरतो. अंदाज घेताना कालचा दिवस बघू नका, मागच्या आठवड्यातला हाच वार बघा. सुरुवातीला थोडं कमी पडलेलं परवडतं. सामान संपल्याचा फलक लावायला कचरू नका, पण तीच वेळ रोज येऊ लागली तर ब्रेड वाढवा.

चार आठवड्यांनी वही उघडून सगळ्यात कमी विकलं जाणारं सँडविच काढून टाका, आणि नवं घ्यायचं असेल तर त्याच सामानातून बनणारं घ्या. धंद्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. घरखर्चाला त्यातून थेट हात न लावता ठरलेला पगार उचला. जागा चालत नाही असं वाटलं तर निर्णय एका वाईट आठवड्यावर घेऊ नका. महिनाभराची सरासरी काढा, ती दुसऱ्या पायरीतल्या त्या ३० च्या आकड्याशी ताडून बघा. सरासरी खाली असेल आणि आठवड्यामागून आठवडा वाढतही नसेल, तर जागा बदला. चाकं त्यासाठीच आहेत.